तपकिरी बुटांतला मामा

आधीच सांगून ठेवलेलं बरं: या गोष्टीवर आजवर कुणाचाही विश्वास बसलेला नाही. सांगणाऱ्याच्या जिवलग मित्राचासुद्धा नाही, आणि तो तर असा भोळा की दुकानदाराने ‘ताजा आहे’ म्हटलं की कालच्या पावाचाही वास घेऊन ‘वा!’ म्हणतो. तेव्हा तुम्हीही विश्वास ठेवू नका. नुसतं ऐका. हातात चहा आहे, बसायला बेकरीसमोरचा हा बाक आहे, आणि आतला पाव भट्टीतून निघायला अजून अवकाश आहे.

तर एक वर्गशिक्षिका होत्या. नववीच्या वर्गाच्या. शिकवायच्या भूगोल, पण त्यांचा भूगोल आता कुणाला आठवत नाही. आठवते ती त्यांची हजेरी. बाकीचे शिक्षक हजेरी घेताना कागदात बघतात, फार तर पोरांच्या तोंडाकडे. या बाई बघायच्या पायांकडे. सकाळी वर्गाच्या दारातच खुर्ची टाकून बसायच्या. पोरं एकामागून एक आत शिरायची आणि बाई मान वर न करता नावं घ्यायच्या. पोरांनी त्यांना ‘बूटबाई’ म्हणायला सुरुवात केली होती. अर्थात पाठीमागे. पण बाईंच्या पाठीलाही कान होते.

“तोंड काय, घरून निघताना धुऊनपुसून निघतं,” बाई म्हणायच्या. “बुटांना कोण शिकवणार खोटं बोलायला?”

टाच दुमडलेली दिसली की पोर घरी भांडून, पाय कसेबसे खुपसून पळालंय. नाडीची गाठ एरवीपेक्षा सुबक असली की ती आईने बांधलीय, म्हणजे या पठ्ठ्याचा हात दुखावलाय आणि तो कुणाला सांगत नाहीये. मग बाई काही बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी फळा पुसायला दुसऱ्याला उठवायच्या. एकदा तर एका मुलाच्या बुटाचा चिखल बघून त्यांनी विचारलं, “आजोबांचा खोकला कसा आहे रे?” पोरगं चाट! आजोबा खोकतायत हे शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

“चिखलावरून खोकला?” इथे बाकावरच्या पोस्टमनने कप खाली ठेवला.

अहो, औषधाच्या दुकानामागे पाइप फुटला होता. तिथला चिखल निळसर. पोरगं औषध आणायला तिथून गेलं असणार, एवढं सोपं आहे.

“ते ठीक. पण खोकलाच कशावरून? आणि आजोबांचाच कशावरून?”

ते बाईंना विचारा. पोस्टमनने पाकिटावरचं वाचावं, आतलं विचारू नये. पुढे ऐका.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला खारूताई म्हणायचे. एक तर ती एका जागी टिकायची नाही, आणि दुसरं म्हणजे तिच्या गालात सदान्‌कदा काहीतरी कोंबलेलं असायचं, बहुतेक वेळा पाव. तिची आई फार आधी गेलेली, वडील जाऊनही वर्ष होत आलेलं. आता तिचं बघायला ‘घरचे’ आहेत, एवढंच शाळेला माहीत होतं. घरचे म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. बाईंनीही नाही, कारण त्या पालकसभेची वाट बघत होत्या. पालकसभा म्हणजे बाईंना मेजवानी. एरवी नुसत्या पोरांचे बूट. त्या दिवशी अख्ख्या घराण्याचे!

पहिल्या पालकसभेला खारूताई एका काडीसारख्या माणसाला हाताला धरून घेऊन आली.

“बाई, हे माझे काका.”

बाईंनी खाली बघितलं. मोठेथोरले तपकिरी बूट. पॉलिश असं की त्यात बाईंना स्वतःचा चष्मा दिसला. डाव्या बुटाच्या टोकावर एक ओरखडा, नखाने काढलेल्या चंद्रकोरीसारखा. काका एक पाऊल पुढे जायचे आणि बूट मागून विचार करून यायचे.

“बसा. पुतणीचा अभ्यास घरी कोण घेतं?”

“घेतो ना. म्हणजे, होतो.” काकांचा डोळा बाईंच्या खांद्यावर खिळला होता. “बाई, राग मानू नका, पण तुमच्या कोटाचा उजवा खांदा उतरलाय. बाही ओढून लावलीय कुणीतरी. आणून द्या, हातासरशी—”

खारूताईने काकांना अशी लाथ हाणली की तपकिरी बूट पायातून निसटून थेट बाकाखाली गेला. बाईंनी वाकून तो उचलला. आत, टाचेपाशी, चिंध्या कोंबलेल्या. साध्या चिंध्या नव्हेत. कोऱ्या, रंगीबेरंगी, कात्रीने सरळ कापलेल्या. काका शिंपी आहेत हे कळायला मग भूगोलाच्या नकाशाची गरज नव्हती. बाईंनी बूट अदबीने परत केला आणि कोट मात्र खरंच त्यांच्याकडे दुरुस्तीला टाकला. खांदा उतरला होता हे खरंच होतं.

दुसऱ्या पालकसभेला आले मामा. मामा म्हणजे पिंपच. दारातून आले ते निखाऱ्यांवरून चालल्यासारखे, दर पावलाला डोळे मिटून. बाईंनी खाली बघितलं. तपकिरी बूट. डाव्याच्या टोकावर चंद्रकोर.

बाईंच्या भुवया वर गेल्या त्या संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत.

“बसा मामा. कशी वाटते भाचीची प्रगती?”

मामांचा कान भिंतीकडे होता. “आजारी आहे,” ते म्हणाले.

“कोण? भाची?”

“तुमचं घड्याळ. ऐका, ऐका, लंगडतंय.” आणि बाई नको नको म्हणेपर्यंत मामा बाकावर चढलेसुद्धा. घड्याळ खाली आलं, मागचं झाकण निघालं, खिशातून चिमटा निघाला. चिमटा खिशात घेऊन कोण हिंडतं, हे सांगायला नको. बाई शांतपणे बघत बसल्या. त्यांना गंमत वाटायला लागली होती.

“मामा, खारूताईची आई तुमची थोरली बहीण की धाकटी?”

“कुठली बहीण?” घड्याळजींनी मान वर न करता विचारलं. “मी एकुलता एक.”

“अहो मामा!” खारूताईने कपाळावर हात मारला.

बिनबहिणीचा मामा! लोक एकमेकांना मामा बनवतात हे ऐकलं होतं. पण मामाच बनवून आणायचा म्हणजे कमालच म्हणायची. दुसऱ्या कुणी वर्गशिक्षिकेने तिथेच पोरीचा कान पिरगाळला असता. बूटबाईंनी नाही. घड्याळ ठीक चालू लागलं, मामा कळवळत निघून गेले, आणि बाई रिकाम्या वर्गात एकट्याच बसून हसल्या. कारण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या कुणाला फसवायचं असतं तर या पोरीने माणसाला चांगला सदरा चढवला असता, भांग पाडला असता, चार वाक्यं पाठ करून घेतली असती. पण बाई तोंडाकडे बघतच नाहीत, पायांकडे बघतात, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून तिने माणसं हाताला लागतील ती आणली आणि पाय तेवढे सजवून आणले. फक्त एक विसरली: बूट एकच जोड होता, आणि बाई एकदा बघितलेला बूट विसरत नाहीत.

हसून झालं, आणि मग बाईंना रुखरुख लागली. काका उसने, मामा उसना. मग बूट कुणाचे? आणि त्या बुटांचा माणूस स्वतः का येत नाही?

उत्तर शोधायला त्या आरामात निघाल्या असत्या, पण तेवढ्यात गणिताच्या सरांनी तक्रार केली की ही मुलगी पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून चक्क घोरते. तक्रार गेली मोठ्या सरांकडे. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी कुलपात घालावीशी वाटते.

“बाई,” मोठे सर म्हणाले, “घरचं मोठं माणूस माझ्यासमोर आणा. उगाच कुणीतरी नको, जबाबदार माणूस हवा. नाही आलं, तर शाळेच्या नोंदवहीत तिच्या दूरगावच्या एका चुलत्याचा पत्ता आहे, त्याला कळवतो. मुलीला घेऊन जा म्हणावं. पालक नसलेलं पोर मी ठेवून घ्यायचं आणि उद्या काही झालं की?”

बाईंनी मान डोलावली. शाळा सुटल्यावर खारूताईला फाटकापाशी गाठलं.

“चल, तुझ्या घरी येते.”

“कशाला बाई?”

“बूट बघायला.”

“कुठले बूट?” गालातला पाव गालातच राहिला.

“ज्यांना काकाही होता येतं आणि मामाही होता येतं, ते.”

बेकरीच्या मागच्या अंगाला लोखंडी जिना होता. त्याच्या टोकाला एक खोली. खिडकीत दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक मुलगी झोपली होती. केसांत पीठ. ही खारूताईची मोठी बहीण, ताई. ताई खालच्या भट्टीवर काम करायची, रात्रपाळीला, म्हणून तिची रात्र दुपारी असायची. आणि दाराशी, फळीवर, सगळ्यांना दिसतील असे ते तपकिरी बूट.

“बाबांचे,” खारूताई म्हणाली. “दारात पुरुषाचे बूट दिसले की उगाच कुणी दार वाजवत नाही. ताई रोज पुसते.”

ताई खडबडून उठली. तिने आधी बाईंकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि सगळं समजली.

“किती वेळा सांगितलं हिला, पहाटे पाव भरायला खाली येऊ नको म्हणून! ऐकेल तर शपथ. म्हणते, तू एकटीच किती करशील. मग शाळेत झोपते. तुम्ही मला बोला काय बोलायचं ते, तिला नको.” आणि मग घाईघाईने, “आणि आम्हाला कुणाची दया नको.”

“दया करायला मला वेळ कुठे आहे?” बाई जिन्याकडच्या स्टुलावर बसल्या. “चाळीस पोरं आहेत माझी. एवढंच सांग, त्या चुलत्याचं काय?”

ताईचा आवाज खाली आला. “तो येऊन गेला बाबांच्या नंतर. म्हणाला, धाकटीला मी नेतो, घरात कामाला हात होईल. तू तुझं बघ. मी अजून कागदावर लहान आहे ना. उन्हाळ्यात सज्ञान होईन, मग मीच तिची पालक. वकिलाने सांगितलंय तसं. तोवर कुणाला काही कळू नये, एवढंच हवंय. कळलं तर नेतील तिला.”

खारूताईने कधी नव्हे ते तोंडातलं गिळून टाकलं होतं आणि ती एका जागी उभी होती. बाई तिच्या पायांकडे बघत होत्या. शाळेच्या बुटांना पुढून भोक, आणि त्या भोकातून अंगठा आत-बाहेर होत होता.

खरं म्हणजे वर्गशिक्षिकेने आता सरळ जाऊन मोठ्या सरांना सगळं सांगायचं. तसा नियमच. पण बाई मनात म्हणाल्या, माझं मूळ काम हजेरीचं. आज कोण आहे हे सांगणं सोपं. उद्याही ते पोर त्याच बाकावर असेल हे बघणं, त्याला हजेरी म्हणतात.

“उद्यापासून पहाटे खाली जायचं नाही,” त्यांनी खारूताईला सांगितलं. “ही माझी अट. दर शनिवारी मी इथे येणार, ही दुसरी. आणि त्या शिंप्याला आणि घड्याळजीला आता त्रास द्यायचा नाही. बिचाऱ्यांचे पाय गेले.” मग त्यांनी फळीवरचा बूट उचलून आपल्या वितीने मापला. “या बुटात नीट बसेल असा माणूस हवा.”

“पण बाई, तुम्ही खोटं बोलणार?” खारूताईचे डोळे एवढे मोठे.

“छे. मी कोण आहे ते मी सांगेन. तो कोण आहे ते तो सांगणार नाही. तो काहीच बोलणार नाही. मोठ्या सरांना काय समजायचं ते सर समजतील. गप्प बसायला कुणी बंदी केलीय?”

जिना उतरून बाई रस्त्याला लागल्या ते खाली मान घालूनच. केशकर्तनालयापाशी गेल्या: पाय बारीक. भाजीवाल्यापाशी गेल्या: पाय पसरट. मग बेकरीसमोर आल्या. याच बाकापाशी. होय, याच. इथे एक गृहस्थ बसला होता. बसमधला तिकीट तपासनीस, नुकताच निवृत्त झालेला. काय सांगावं त्याच्याबद्दल! देखणा. भारदस्त. मिशी अशी की बसला हात दाखवायची गरज नाही, मिशी बघून बस थांबावी. आणि मुख्य म्हणजे मितभाषी.

पोस्टमनला ठसका लागला. लागू दे.

“पाय दाखवा,” बाई म्हणाल्या.

“आयुष्यभर मी लोकांना म्हणालो तिकीट दाखवा,” तो म्हणाला. “पाय दाखवा म्हणणारं आज पहिल्यांदा भेटलं. कुठला पाय?”

“दोन्ही.”

गोष्ट ऐकून घेतल्यावर तो हो म्हणाला. बायको गेलेली, पोरंबाळं नाहीत, कुणाचाही कुणी नाही. एवढ्या मोकळ्या माणसाला मामा व्हायला हरकत ती काय? मोठ्या सरांनी आधीचा मामा बघितलेला नव्हता, म्हणून तेच नातं पुन्हा वापरायचं ठरलं. जिन्यावरच्या खोलीत त्याने बूट चढवले. चिंधी नको, कळवळणं नको. पाय असा आत गेला जसा पाव साच्यात. तो नाड्या बांधून उठला आणि खिडकीपर्यंत चालून गेला. त्या लाकडी फरशीवर ते बूट वर्षभरात वाजले नव्हते. ताई एकदम वळली आणि उगाचच दोरीवरचा गणवेश काढून पुन्हा घडी घालू लागली. खारूताईने त्याला सांगितलं, “डावा पाय थोडा घासत चाला. बाबा तसे चालायचे.”

“जमेल,” तो म्हणाला.

“आणि बोलायचं नाही,” बाई म्हणाल्या. “काय वाट्टेल ते होवो. एक शब्द बोललात की दुसरा येईल, दुसऱ्याला तिसरा लागेल, आणि पोरगी चुलत्याकडे जाईल.”

आता ऐका, कारण सगळी मजा इथेच आहे. मोठ्या सरांची खोली. मधे टेबल, टेबलावर किल्ल्यांचा जुडगा. या बाजूला बूटबाई, खारूताई आणि मामा. सरांनी चष्मा लावला. मामाला नखशिखांत बघितलं.

“तुम्ही मुलीचे कोण?”

मामा गप्प. नुसता बसला, डावा पाय पुढे करून, ओरखडा सरांकडे.

“मुलगी वर्गात झोपते, ठाऊक आहे?”

मामा गप्प. पण कसला गप्प! असा गप्प की खिडकीतला कावळा ओरडायला चोच उघडून तशीच मिटून बसला. टेबलावरच्या किल्ल्या एकमेकींना चिकटून बसल्या, वाजेनात. बाहेर मैदानावर खेळणारी पोरं थांबून म्हणाली, हे काय ऐकू येईनासं झालं? खारूताईने टेबलाखाली बाईंचा हात घट्ट धरला होता. बाईंची मान खाली, नजर त्या तपकिरी बुटांवर. आणि बूट जमिनीवर असे ठाम, जसे वर्षानुवर्षं याच मुलीसाठी इथे येत असावेत.

“हिची जबाबदारी तुम्ही घेता?” सरांनी शेवटचं विचारलं.

मामाने फक्त एकदा खारूताईच्या डोक्यावर हात ठेवला. बस्स. तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि त्या भारदस्त शांततेपुढे मोठ्या सरांचे डोळे पाणावले, आणि सर म्हणाले—

“खोटं!”

बाकामागून आवाज आला. सगळे वळले. पावाची पिशवी घेऊन एक बाई उभी होती. बोटांना खडूची भुकटी, गालात पावाचा तुकडा. तिची नजर आधी पोस्टमनच्या चपलांवरून फिरली, मग बाकाखालून सरकत सरकत, तळ कितीदा तरी बदललेल्या, डाव्या टोकाला ओरखडा असलेल्या तपकिरी बुटांवर येऊन थांबली.

“साफ खोटं, मामा! चकार शब्द काढला नाही म्हणे! सर नुसतं ‘बसा’ म्हणाले आणि तुम्ही जे सुरू झालात ते शाळा सुटल्याची घंटा झाली तरी तुमची बस थांबेना! माझ्या आईचं लहानपण सांगितलंत, तिला कधी बघितलं नसताना! मला गोवर झाला तेव्हा कडेवर घेऊन तुम्ही नदी ओलांडलीत म्हणे! कुठली नदी, मामा? बाई टेबलाखालून तुमचा पाय तुडवत होत्या. शेवटी मोठे सरच हात जोडून उठले आणि म्हणाले, ‘पटलं, पटलं! मुलगी तुमचीच, इथेच राहू दे, कुणाला काही कळवत नाही. पण मामा, आता तुम्ही या!’”